क्लास वन होऊन करायचं काय?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहीच्या पानाचा फोटो मिळाला. स्पर्धा परीक्षा देऊन पाच वर्षांत क्लास वन अधिकारी, मग कोल्हापुरात ताराबाई पार्कात फ्लॅट, आईबाबांना काशीयात्रा, समाजात नाव. यातलं काहीच वाईट नाही. पण पान उलटसुलट वाचूनही तू काम कोणतं करणार, ते मला कळलं नाही. तू जिला ध्येय म्हणतेस ती निकालाची तारीख आहे. त्यानंतरची तीस वर्षं पानावर कुठंच नाहीत.

झालीस अधिकारी, असं धर. जुलै महिना. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी ओलांडलीय, 43 च्या धोका पातळीकडं निघालीय. चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं सोडून यायला तयार नाहीत. फोन थांबत नाही. पूर ओसरला की महिनाभर पंचनाम्यांवरून शिव्या खायच्या. उरलेलं वर्ष सुनावण्या, वसुलीच्या बैठका आणि फायली. हे आवडेल तुला? आवडणारी माणसं असतात. पाटबंधारे खात्यात असताना मी पाहिलीत, रात्रभर जागून सकाळी पुन्हा ताजीतवानी. त्यांना खुर्चीचं फारसं अप्रूप नसायचं.

आपल्याकडं शाहू महाराजांचं नाव भाषणात फार येतं, त्यांचा हिशेब कुणी सांगत नाही. 26 जुलै 1902 चा हुकूम बघ: संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्या वर्गांना. समाजाचं भलं करीन, असलं मोघम काही नाही, सरळ आकडा. पण नुसत्या जागा राखून भागत नाही, तिथं बसायला शिकलेली पोरं लागतात. म्हणून वसतिगृहं, त्यातलं पहिलं 1901 चं, हुकमाच्याही आधीचं. मग 1917 ला मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण. 1918 ला कुलकर्णी वतनं, म्हणजे गावच्या हिशेबाची पिढीजात कामं, गेली आणि गावोगाव पगारी तलाठी आले. शेवटी काय दिसायला हवं हे पक्कं असलं, की आधी काय करायचं ते असं मागून पुढं उलगडत येतं. तुझ्या पानावर एका ओळीतून दुसरी निघत नाही, सगळ्या सुट्या आहेत.

राधानगरीचं धरण मात्र त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही. पैसा कमी पडला, काम थांबलं, 1922 ला महाराज गेले. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. भोगावती कुठं अडवायची आणि कशासाठी, हे आधीच ठरलेलं होतं म्हणून ते पुढच्यांना हाती घेता आलं. तुझंही सगळं तुझ्याच हातून आणि पाच वर्षांतच व्हायला पाहिजे, असा हट्ट कशाला?

आपल्या राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव 1948 ला लंडनला सहावे आले. मातीतला पैलवान, मॅटची सवय नव्हती. कुठं कमी पडतो ते तिथं कळलं, आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्य मिळालं. तू मागच्या पूर्व परीक्षेचे मार्क कुणाला सांगत नाहीस म्हणे. मला सांग. त्याशिवाय पुढचं बोलताच येणार नाही.

एक कर. टॉपरांची व्याख्यानं थोडे दिवस बंद. करवीर तहसीलच्या बाहेर बाकावर एक अख्खा दिवस बस. सातबाऱ्यावर नाव लागत नाही म्हणून आलेली म्हातारी, दाखल्यासाठी ताटकळलेली पोरं, आत कुणाशी कोण कसं बोलतं, सगळं बघ. संध्याकाळी चीड आली आणि हे मी नीट करीन असं वाटलं, तर तुझी वाट बरोबर आहे. नुसता कंटाळा आला, तर तेही बरंच झालं म्हणायचं. तुझ्या हातात इंजिनिअरिंगची डिग्री आहे, शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कामाला तोटा नाही.

आणि थांबायची तारीख आत्ताच लिही. कोल्हापुरी बंधाऱ्यात पावसाळा सरला की बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात, तेच बर्गे पुढचा पाऊस लागायच्या आत काढावे लागतात. उशीर झाला की वाहून आलेले ओंडके अडकतात आणि पाणी बाजूनं काठ कापत शेतात शिरतं. अभ्यासिकेत वय घालवणारी हुशार पोरं तूही बघतेस. त्यांनी बर्गे घातले, पण काढायचा दिवस कधी ठरवलाच नाही. किती प्रयत्न द्यायचे तो आकडा तुझा तू ठरव, मी सांगणार नाही.

तो आकडा आईबाबांनाही सांगून टाक. स्थळाचा विषय दर रविवारी निघतो तो त्यामुळं बंद होईल असं नाही, पण बोलायला निदान एक धड मुद्दा मिळेल. तुझ्या वडिलांशी मी बोलतो, आईशी तूच बोल.

तुझा,
काका