इअरबड्स चालू आहेत, तरी तक्रार करता येईल का?

प्रश्न : आम्ही हर्णैचे. बाबा 71 वर्षांचे. उभी हयात त्यांनी ट्रॉलरवर इंजिन सांभाळलं, आता दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. कानाच्या मशीनची किंमत ऐकून आमचा धीर खचला. मोबाइलच्या दुकानदाराने व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘हे मशीनचंच काम करतात, कुणालाही चालतील.’ म्हणून दीड महिन्यापूर्वी 18,500 रुपयांचे इअरबड्स घेतले. बाबा म्हणतात, नुसतं घुमतं, बोलणं कळत नाही. नंतर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी केली, तर दोन्ही कानांचा दोष 65 डेसिबल निघाला. दुकानदार म्हणतो, वस्तू चालू आहे, कानात घातलेला माल परत घेत नाही. काही करता येईल का?

उत्तर : येईल. ‘वस्तू चालू आहे’ एवढ्यावर दुकानदाराची सुटका होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ‘दोष’ म्हणजे फक्त बिघाड नव्हे. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला, त्याला वस्तू उतरली नाही, तर तोही दोषच. शिवाय माल खपवण्यासाठी लेखी किंवा तोंडी खोटी माहिती देणं ही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तुमच्याकडे तर त्याचे शब्द लेखी आहेत. तो मेसेज पुसू नका, फोनही बदलू नका.

दुकानदार बहुधा अमेरिकेचं उदाहरण देईल. ते खरं आहे, पण अर्धंच. सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने ॲपलच्या एअरपॉड्स प्रोमधल्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली. ती 18 वर्षांवरच्या, सौम्य ते मध्यम दोष असलेल्यांसाठी आहे. कंपनी स्वतःच ही मर्यादा 60 डेसिबलच्या आसपास सांगते. बाबांचा दोष त्यापलीकडचा. म्हणजे त्या यंत्राच्या बाबतीतही ‘कुणालाही चालतील’ हे वाक्य टिकलं नसतं. आणि प्रत्येक इअरबड्समध्ये ती सोय असतेच असं नाही.

तुमच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात कंपनीने काय लिहिलंय ते नीट वाचा. तिथे मर्यादा स्पष्ट दिली असेल, तर कंपनीला पक्षकार करण्याच्या फंदात पडू नका. खोटं बोलला तो दुकानदार, दावा त्याच्यावरच ठेवा.

आधी स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह नोटीस पाठवा: मेसेजमधलं वाक्य जसंच्या तसं, बिलाची आणि ऑडिओमेट्रीच्या रिपोर्टची प्रत, पैसे परत करायला 15 दिवसांची मुदत. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. पुष्कळ दुकानदार तिथेच नमतात. नाही नमला, तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि व्हिडिओवरून सुनावणी मागता येते, म्हणजे दर तारखेला हर्णैहून रत्नागिरी गाठायची वेळ येऊ नये. मेसेजच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. किमतीबरोबर मनस्तापाची भरपाई आणि खर्चही मागा, पण आकडा फुगवू नका. आयोगाला तो लगेच खटकतो.

आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे, पण बाबांना तेवढं थांबवू नका. निकालाची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयात त्यांची तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलचा दोष 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बसतो. प्रमाणपत्र 40 टक्क्यांचं निघालं आणि उत्पन्न मर्यादेत असलं, तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं. ते मिळालं तरी दुकानदारावरची तक्रार मागे घ्यायचं कारण नाही. इअरबड्स मात्र आता वापरू नका. खोक्यात, बिलासकट, जसेच्या तसे ठेवून द्या.