शब्द वाक्यासकट घे

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा निबंध दोन्ही वाचले. मराठवाडा मुक्तिसंग्रामावर इंग्रजीत चार पाने लिहिण्याची तुझी तयारी पाहून समाधान वाटले, परंतु दुसऱ्या पानावरच्या एका वाक्याने मला बराच वेळ अस्वस्थ केले. निजामाच्या राजवटीविरुद्ध लढलेल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कार्याला तू ‘एग्रीजस कॉन्ट्रिब्यूशन’ म्हटले आहेस. तू पाठ करतेस त्या शब्दांच्या यादीत त्या शब्दापुढे ‘ठळक, असाधारण’ असे काहीतरी छापलेले असणार आणि ते सर्वस्वी खोटेही नाही. मूळ लॅटिनमध्ये ‘कळपातून वेगळा उठून दिसणारा’ असा त्याचा भाव होता आणि एकेकाळी इंग्रजीतही तो स्तुतीसाठी वापरला जात असे. आजचा इंग्रजी वाचक मात्र हा शब्द अक्षम्य चुकीच्या, उघड अन्यायाच्या किंवा नियमांच्या ढळढळीत उल्लंघनाच्या जोडीलाच पाहतो. ज्यांच्याविषयी तुझ्या मनात आदर आहे, त्यांच्याच कार्यावर तू नकळत ठपका ठेवलास. यादीने तुला अर्थ दिला, पण तो शब्द कोणाच्या संगतीत वावरतो हे सांगितले नाही.

शब्दसंग्रहाच्या बाजारातल्या तीन पुस्तकांपैकी कोणते घ्यावे, रोज पन्नास शब्द पाठ करूनही आठवडाभरात बहुतेक का विसरतात आणि हा मराठी माध्यमाचा दोष आहे काय, असे तू विचारले आहेस. पुस्तक तिन्हींपैकी एकही घेऊ नकोस. माध्यमाचा दोष मुळीच नाही. विसरण्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो.

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. स्वतःवरच प्रयोग करताना त्याने निरर्थक अक्षरसमूह मुद्दाम निवडले, कारण अर्थाचा आधार मिळाला की माणसाला लक्षात ठेवणे सोपे जाते आणि त्याला तो आधारच काढून टाकायचा होता. अशी अक्षरे पाठ केल्यावर सुरुवातीच्या काही तासांतच विसरण्याचा वेग सर्वांत जास्त असतो, असे त्याला आढळले. अभ्यासिकेतल्या टेबलासमोर तू चिकटवलेला कागद तुझ्या दृष्टीने तशाच अक्षरांची माळ आहे. डाव्या बाजूला एक अनोळखी आवाज, उजव्या बाजूला एक सुटा मराठी शब्द आणि दोहोंना बांधणारे काहीच नाही. ठरावीक अंतराने उजळणी केली तर ती माळ परीक्षेपर्यंत टिकेलही, पण तो शब्द तुझ्या लेखणीतून नेमक्या जागी उतरणार नाही. म्हणून सांगतो, शब्द घ्यायचा तर वाक्यासकट घे.

हा एका म्हाताऱ्या मास्तराचा हट्ट आहे असे तुला वाटत असेल, तर शब्दकोश कसे घडले ते पाहा. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा अर्थ स्पष्ट करण्यासाठी त्याने ग्रंथांमधून वेचलेली हजारो उद्धरणे शब्दांखाली दिली. ऑक्सफर्डच्या महाकोशाचे काम तर वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्यांवरच उभे राहिले. जेम्स मरे या संपादकाने सामान्य वाचकांना आवाहन केले आणि वाचताना भेटलेला शब्द ज्या वाक्यात आला त्या वाक्यासह चिठ्ठीवर उतरवून पाठवण्यास सांगितले. अशा लाखो चिठ्ठ्या लावून, तपासून, मगच अर्थ लिहिले गेले. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम १९२८ मध्ये पूर्ण झाले; ते पाहायला मरे हयात नव्हते. ज्यांनी अर्थ लिहिले त्यांनासुद्धा ते वाक्यांतूनच काढावे लागले, आणि आपण मात्र वाक्ये फेकून देऊन केवळ अर्थ पाठ करायला निघालो आहोत.

आता आपल्या घरचे उदाहरण घे. दुष्काळावरचा कोणताही इंग्रजी अग्रलेख उघड. ‘मिटिगेट’, ‘अलिव्हिएट’, ‘अमेलिओरेट’ आणि ‘अस्वेज’ या चारही शब्दांपुढे तुझ्या यादीत ‘कमी करणे, सौम्य करणे’ असेच छापलेले सापडेल. पण जलसंधारणाची कामे दुष्काळाचे परिणाम ‘मिटिगेट’ करतात, कारण त्या शब्दाला धोका, हानी, तीव्रता यांची सोबत लागते. चारा छावणी किंवा रोजगार हमीचे काम लोकांचे हाल ‘अलिव्हिएट’ करते; तो शब्द वेदना, दारिद्र्य, यातना यांच्याबरोबर येतो. ऊसतोड मजुरांच्या राहण्याची व्यवस्था सुधारली तर त्यांची स्थिती ‘अमेलिओरेट’ झाली असे म्हणता येते. कर्जाच्या ओझ्याखालच्या शेतकऱ्याच्या मनातली भीती मात्र ‘अस्वेज’ करावी लागते. चौघांची अदलाबदल केलीस तर व्याकरण कदाचित बिघडणार नाही, पण वाचणाऱ्याला लगेच खटकेल. हा फरक उजव्या बाजूच्या रकान्यात मावत नाही, तो वाक्यातच दिसतो.

मूळ धातू आणि उपसर्ग शिकवून शेकडो शब्द एका झटक्यात येतील, असे सांगणारेही तुला भेटतील. त्यांचे थोडे ऐक, कारण अनोळखी शब्दाचा अंदाज बांधायला ते उपयोगी पडते. पण ‘इन’ म्हणजे नकार एवढेच धरून बसलीस, तर ‘इन्फ्लेमेबल’, म्हणजे चटकन पेट घेणारे, असे लिहिलेल्या टँकरजवळ निर्धास्त उभी राहशील.

मी तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवले. माझ्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होते. ते पहिलीपासून आले २००० मध्ये. आमच्या पिढीच्या कानावर इंग्रजी वाक्ये फार उशिरा पडली आणि त्याची खंत मला आजही आहे. म्हणूनच मी वर्गात कधी शब्दांच्या याद्या वाटल्या नाहीत. एक परिच्छेद घ्यायचा, त्यातले दोन-तीन शब्द धरायचे आणि प्रत्येकाकडून त्यांची नवी वाक्ये करून घ्यायची, एवढेच मी करत राहिलो. मुले कंटाळली, काही याद्या देणाऱ्या शिकवण्यांकडे गेली, पालकांनी ‘सर फार हळू शिकवतात’ अशी तक्रार केली आणि संस्थेने मला त्याबद्दल विचारणाही केली. मी पद्धत बदलली नाही आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. लातूर पॅटर्नने आपल्या भागातल्या मुलांना सरावाची शिस्त लावली, तिचे मोल मी जाणतो. पण भौतिकशास्त्राचे गणित वारंवार सोडवणे आणि सुटा शब्द वारंवार घोकणे या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत. गणित सोडवताना ते सूत्र वापरावे लागते. घोकताना शब्द वापरावा लागत नाही. माझ्या वर्गातून जी थोडी मुले बाहेर पडली त्यांना शब्द थोडे येत होते, पण जे येत होते ते त्यांचे स्वतःचे होते. यात मी स्वतःची बाजू मांडतो आहे हे मला कळते, आणि तरीही ती मांडणे मला आवश्यक वाटते.

तू केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेची तयारी करतेस. तिथला सक्तीचा इंग्रजीचा पेपर ३०० गुणांचा असतो, त्याची पातळी दहावीची मानली जाते आणि त्यात पात्र ठरण्यासाठी २५ टक्के गुण लागतात. त्यात निबंध, उताऱ्यावरचे प्रश्न आणि सारांशलेखन असते आणि दिलेल्या शब्दांचा अर्थ स्पष्ट होईल अशी वाक्ये करा, असेही विचारले जाते. परीक्षकसुद्धा तुला वाक्यच मागतो! मग हजारो अवघड शब्दांचा हा भार तू कोणासाठी वाहते आहेस? अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या संशोधिकेने २००० मध्ये विद्यापीठीय लेखनात पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची सूची प्रसिद्ध केली, तीत ५७० शब्दकुटुंबे आहेत; एका मूळ शब्दाची सगळी रूपे मिळून एक कुटुंब. ‘एव्हिडन्स’, ‘कन्सिस्टंट’, ‘डिराइव्ह’ असे साधे दिसणारे शब्द तीत आहेत. तुझ्या निबंधात ते डळमळीत पडले आहेत आणि ‘एग्रीजस’ मात्र ठसठशीत बसला आहे. आधी हे शब्द पक्के कर, आणि त्या सूचीचीही भिंतीवर माळ करू नकोस.

रोज एका इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख घे आणि त्यातले दोनच शब्द निवड. कोश उघडण्यापूर्वी संदर्भावरून अर्थाचा अंदाज बांध आणि तो पेन्सिलीने समासात लिही. मग विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश उघडून अर्थाखालची उदाहरणे वाच. आपली मुले नेमकी तीच गाळतात. अग्रलेखातले मूळ वाक्य वहीत जसेच्या तसे उतरव. त्याखाली स्वतःची तीन वाक्ये लिही आणि ती तुझ्या गावाविषयी, घराविषयी, बाजार समितीविषयी असू देत. आठवड्याने वही उघडशील तेव्हा अर्थ झाकून वाक्य वाच, वाक्य झाकून अर्थ आठवत बसू नकोस. दोन शब्दांनी काय होणार, असे म्हणू नकोस. हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकला आहे आणि आता त्याला उत्तर देण्याचा धीर माझ्याजवळ उरलेला नाही.

निबंध लाल शाईने तपासून टपालाने परत पाठवत आहे. पुढच्या पत्रात याद्यांविषयी काही विचारू नकोस. वरच्या चार क्रियापदांची प्रत्येकी तीन, अशी बारा वाक्ये तेवढी पाठव, आणि ती कोणत्याही पुस्तकातून उचललेली नसावीत.

तुझे,
सर