हात जोरात मारूनही वेग का वाढत नाही?

प्रश्न : माझं वय ३८. रोज सकाळी पंचवीस मीटरच्या तलावात न थांबता एक किलोमीटर फ्रीस्टाइल पोहतो. शंभर मीटरला २ मिनिटं २० सेकंद लागतात. सहा महिने झाले, हात कितीही जोरात मारले तरी वेळ तिथेच अडकली आहे, दम मात्र जास्त लागतो. माझी ताकद कमी पडते का?

उत्तर : ताकद आहे हो, ती पाण्याशी झगडण्यात जाते आहे. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट असतं. वेग दुप्पट करायला जावं तर पाण्याचा अवरोध साधारण चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपटीच्या घरात जाते. नुसता जोर लावून तुम्ही कुठवर पुरणार? आधी अवरोध कमी करू या.

उद्या फक्त एक करा. एका लेंथला, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत, किती हात पडतात ते मोजा. तुमच्या वेळेवरून माझा अंदाज अठ्ठावीसच्या आसपास. पंचवीस मीटरला तुम्हाला ३५ सेकंद लागतात. त्यातले तीनेक सेकंद भिंत ढकलण्याचे सोडले, तर एका हाताला साधारण १.१४ सेकंद. आता तेच अंतर २३ हातांत कापलंत आणि हात जरा संथ झाला, म्हणजे १.२५ सेकंद लागले, तरी लेंथ ३२ सेकंदांच्या आत येते. शंभर मीटरला २ मिनिटं ७ सेकंद!

हे पाच हात वाचवायचे कसे? पहिले दोन-तीन डोक्यात असतात. मी स्पर्धांमध्ये पोहायचे तेव्हा मला समोर बघायची सवय होती, भिंत दिसली की धीर यायचा. एकदा माझे प्रशिक्षक काठाकाठाने चालत माझे हात मोजत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "मान सोड, तळाची काळी रेघ बघ." त्याच सकाळी माझे तीन हात कमी झाले. डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली जातात, शरीर तिरकं होतं आणि तेवढं सगळं अंग पाण्याला आडवं येतं. श्वास घेतानाही डोकं उचलू नका, अंगाबरोबर वळवा. गॉगलची एक काच पाण्यात राहिली पाहिजे. तोंड पाण्यात असताना श्वास सतत सोडत राहा. छातीत कोंडून ठेवलात तर वर आल्यावर आधी सोडायचा की घ्यायचा, यातच घाई होते.

उरलेले हात कोपरात आहेत. बहुतेकजण हात पाण्यात घालताच सरळ खाली दाबतात. त्याने अंग वर उचललं जातं, पुढे जात नाही. हात खांद्याच्या रेषेत पुढे घाला, बोटं तळाकडे झुकवा आणि कोपर मात्र पृष्ठभागाजवळच राहू द्या. तळव्यापासून कोपरापर्यंतचा सगळा भाग मिळून तुमचं वल्हं. हे सांगून कळत नाही, म्हणून मी सगळ्यांना मुठी वळून दोन लेंथ पोहायला लावते. मूठ पाण्यातून निसटते, मग नाइलाजाने मनगटापासून कोपरापर्यंत पाण्याचा दाब शोधावा लागतो. नंतर मूठ उघडली की पाणी हातात जड लागतं. तो जडपणा ओळखीचा होईपर्यंत हे रोज करा.

आणि तो सलग एक किलोमीटर आठवड्यातून एकदाच ठेवा. रोज एकाच चालीने पोहलं की शरीर तीच चाल पक्की करतं. इतर दिवशी ५० मीटर आठ वेळा, मध्ये २० सेकंद विश्रांती. हात मोजत पोहा. आकडा वाढायला लागला की तंत्र ढासळलं असं समजा आणि विश्रांती वाढवा.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी स्पर्धेत वळेपर्यंत बरोबरीने असते, वळल्यावर मागे पडते. पाण्याखाली जास्त वेळ राहण्यासाठी तिला श्वास रोखण्याचा सराव द्यावा का?

उत्तर : नाही. कृपा करून देऊ नका. पाण्याखाली श्वास रोखण्याच्या पैजांमध्ये चांगल्या पोहणाऱ्यांचीही काही कळायच्या आत शुद्ध हरपते. तिला त्याची गरजही नाही.

सूर मारल्यानंतर सर्वाधिक वेग असतो तो भिंत ढकलल्यावर, आणि मुलं तोच वाया घालवतात. ढकलताना दोन्ही हात कानांमागे, तळव्यावर तळवा, पोट आत. असं तीर होऊन निघाली की वेग ओसरायच्या आधीच पाय मारायला सुरुवात करायची. १९८८च्या सेऊल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा जलतरणपटू डेव्हिड बर्कॉफ बॅकस्ट्रोकमध्ये, म्हणजे पाठीवर पोहण्याच्या शर्यतीत, निम्म्याहून जास्त लेंथ पाण्याखालून जायचा, पुढे त्यावर मर्यादा आली. आज फ्रीस्टाइलमध्येही डोकं १५ मीटरच्या आत वर यावं लागतं. तिच्या वयाला पाच-सहा मीटर नीट जमले तरी पुष्कळ.

एक गोष्ट काठावरून बघा. वर आल्यावर पहिल्याच हाताला ती श्वास घेते का? घेत असेल, तर वेग तिथेच तुटतो. आधी दोन हात, मग श्वास. पंधरा दिवस एवढंच करून घ्या आणि मला कळवा.