अंबड एमआयडीसीत मशीन शॉप सांभाळतो. पोरं चुका लपवतात, काय करू?

केबिनमध्ये बोलावू नका. शिफ्ट सुरू होताना मशीनपाशीच १० मिनिटं उभं राहा. ‘काही अडचण?’ विचारलंत तर ‘नाही साहेब’ हेच ऐकू येणार. ‘काल कुठला जॉब (मशीनवर बनणारा भाग) रिजेक्ट होता होता वाचला?’ असं नेमकं विचारा. कुणी बोललं की आधी ‘बरं झालं सांगितलंस’, मग ‘कुणी केलं’ नव्हे, ‘कसं झालं’: इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजला होता, की ड्रॉइंग जुनं होतं? त्यावर काय केलं ते २४ तासांच्या आत त्याला जाऊन सांगा. बहुतेक जण इथेच घसरतात. चारचौघांत एकदा झापलंत की महिन्याची मेहनत पाण्यात. सुरुवातीला नोंदवलेल्या चुका वाढतील. घाबरू नका, हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांच्या रुग्णालयांवरच्या १९९६च्या अभ्यासातही चांगल्या टीममध्येच नोंदी जास्त निघाल्या होत्या. मुद्दाम सेफ्टी गार्ड काढणाऱ्याला मात्र सूट नको.