झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत खरं गाढव आणावं का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या धर्मग्रामातल्या युवकांनी यंदा झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, येशू गाढवावर बसून यरुशलेमात आला त्या आठवणीच्या दिवशी, येशूचं पात्र करणाऱ्या मुलाला खऱ्या गाढवावर बसवून मिरवणूक काढायचं ठरवलंय, फादरही तयार आहेत, तर हे बरोबर आहे का आणि काळजी काय घ्यायची. मी वसईचा, जनावरांचा डॉक्टर, अशा मिरवणुकींना जनावरासोबत चाललेलो आहे म्हणून आधी सरळ उत्तर देतो: गाढव आणा, पण त्याच्यावर कोणाला बसवू नका.

कारण वजन. आपल्याकडे 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहे, त्याखाली 1965 मध्ये ओझ्याच्या जनावरांचे नियम झाले, त्यात गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त 50 किलो ओझं धरलंय. तुमचा येशू झालेला मुलगा कॉलेजात जाणारा असेल तर 60 च्या खाली भरणार नाही. इंग्लंडात समुद्रकिनाऱ्यावर मुलांना फिरवणाऱ्या गाढवांसाठीही 8 स्टोन म्हणजे साधारण 50 किलोचीच मर्यादा पाळतात आणि तिकडची गाढवं आपल्याकडच्यांपेक्षा थोराड असतात. आपल्याला मिळणारं गाढव म्हणजे आठवडाभर बांधकामावर रेती-विटा वाहून दमलेलं, पाठीवर बऱ्याचदा जुन्या जखमा, त्यावर पांघरूण टाकलं की कोणाला दिसतही नाही. म्हणून आदल्या दिवशी पांघरूण काढून पाठ आणि खूर बघा, जखम असेल किंवा लंगडत असेल तर ते जनावर नको.

लोक लगेच म्हणतात, मग येशू नव्हता का बसला? बसला होता, आणि मी ते श्रद्धेनेच वाचतो. पण बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) 21 वा अध्याय नीट वाचा, तिथे गाढवी आणि तिचं शिंगरू दोघांनाही आणलंय. मार्क सांगतो त्या शिंगरावर आधी कोणीच बसलेलं नव्हतं, म्हणजे न रुळलेलं जनावर, समोर ओरडणारी गर्दी, आणि सोबत त्याची आई. गाढव एकट्याने घाबरतं, ओळखीचं दुसरं जनावर शेजारी असलं की निम्मी भीती जाते, हे कुठलाही गाढववाला तुम्हाला सांगेल. तेव्हा एक नाही, एकाच मालकाची दोन आणा आणि दोरी मालकाच्याच हातात राहू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गाढव घाबरलं की घोड्यासारखं उधळतंच असं नाही, ते बहुतेक वेळा जागच्या जागी थिजतं. आपण त्याला हट्टीपणा म्हणतो आणि दोरी ओढतो, शेपटी पिरगाळतो, मागून ढकलतो. एका ठिकाणी मी हे बघितलंय, ब्रास बँड बरोब्बर गाढवाच्या मागे उभा केलेला, चर्चच्या गेटपाशी गुळगुळीत लाद्या, पहिला ड्रम वाजला आणि ते थांबलं ते थांबलंच, कान मागे पाडलेले, अंग थरथरतंय, आणि चारी बाजूंनी पोरं ढकलतायत, तोंडाने होसान्नाचा जयघोष चालूच. मला तेव्हा खूप वाईट वाटलं आणि आजही वाटतं. बँड पार पुढे पाठवला, पोरांना लांब केलं, लाद्यांवर गोणपाट टाकले, मग थोड्या वेळाने ते आपणहून चाललं. बायबलातल्या जखऱ्या संदेष्ट्याने ज्या राजाबद्दल लिहिलंय तो नम्र म्हणून गाढवावर येतो, युद्धाच्या घोड्यावर नाही, त्याच्याच मिरवणुकीत गाढवाला मारायचं हे मला सहनच होत नाही. चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही परिच्छेद 2418 मध्ये स्पष्ट आहे की प्राण्यांना विनाकारण यातना देणं माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही.

बाकी उन्हाचं म्हणाल तर हा रविवार 15 मार्च ते 18 एप्रिलच्या मध्ये कधीही येतो, आपल्याकडे तेव्हा नऊलाच घाम फुटतो, त्यामुळे सकाळच्या पहिल्या मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) मिरवणूक धरा, अंतर थोडं ठेवा, वाटेत पाण्याची बादली. फटाके अजिबात नाहीत. झावळ्या त्याच्या तोंडासमोर हलवायच्या नाहीत. आणि ते थांबलं तर मिरवणूक थांबेल हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, फादरांनीच माइकवरून सांगितलं तर उत्तम.

हे सगळं जमणार नसेल तर गाढव आणूच नका, विधीत काही कमी पडत नाही, त्यात झावळ्या आशीर्वादित करणं, शुभवर्तमानाचं वाचन आणि मिरवणूक एवढंच मागितलंय, गाढव पाहिजेच असं कुठे म्हटलेलं नाही. जर्मनीकडे तर मध्ययुगात लाकडी गाढवावर बसलेला लाकडी येशू चाकांवर बसवून गावातून ओढत नेत, 15 व्या शतकातला असा एक न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स म्युझियममध्ये आजही आहे. तुमच्या युवकांमध्ये सुतारकाम येणारा कोणी असेल, नाताळला एवढे मोठे गोठे उभे करतात ती पोरं, त्यांना हे सहज जमेल, आणि मग त्यावर कितीही किलोचा येशू बसवा.

आणलंच खरं गाढव तर मालकाशी आधी बोलून घ्या. त्याला दोन्ही जनावरांची पूर्ण दिवसाची मजुरी द्या आणि त्या बदल्यात त्या दिवशी त्यांना परत रेतीला लावायचं नाही असं ठरवा. केक, पाव, लाडू खायला घालू नका, पोरं हौसेने घालतात, गाढवाला सुकं गवत आणि पाणीच बरं.