युद्धात पडझड झालेली इमारत डायोरामासाठी (म्हणजे छोट्या मॉडेल्सच्या देखाव्यासाठी) खरी वाटेल अशी कशी बनवायची?

तुम्ही लिहिलंय की १:७२ चे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे, जर्मन आणि सोव्हिएत सैनिक आहेत, स्टालिनग्राडचा सीन करायचाय, पण पुठ्ठ्याची इमारत केली की मिठाईचा खोका फाटल्यासारखी दिसते. याचं अर्धं कारण भिंतीची जाडी. त्या काळच्या रशियन विटांच्या इमारतींत बाहेरची भिंत दोन विटांची, म्हणजे साधारण ५१ सेंमी, असणं अगदी नेहमीचं. १:७२ मध्ये ते ७ मिमी होतात, आणि आपण वापरतो २ मिमीचा पुठ्ठा. धड इमारतीत हे खपून जातं कारण जाडी दिसतच नाही, पण भिंत फोडली की सगळ्यात आधी तुटलेली कडच डोळ्यात भरते.

म्हणून पुठ्ठा सोडा. छताच्या इन्सुलेशनचा गुलाबी नाहीतर निळा घट्ट फोम मिळतो तो घ्या, दाण्यादाण्यांचा साधा थर्माकोल भिंतीला नको, तो फक्त ढिगाऱ्याच्या पोटात भरायला. एक मजला ३.३ मीटर धरला तर ४६ मिमी उंची येते. वीट २५ सेंमी लांब आणि साडेसहा उंच, म्हणजे आपल्याकडे साडेतीन मिमी बाय जेमतेम १ मिमी. रिफिल संपलेल्या बॉलपेनने फोमवर ओळी दाबायच्या, पण सगळ्या भिंतीवर नाही हां, जिथे गिलावा उडालाय तिथेच, नाहीतर डोळे जातील आणि दिसणार काहीच नाही.

आता फोडायचं कसं. माझं म्हणणं असं की कटर हातात घ्यायच्या आधी ठरवा की या इमारतीला नेमकं काय लागलं, कारण आग, तोफगोळा आणि बॉम्ब तिघांची मोडतोड वेगवेगळी दिसते आणि बहुतेक मॉडेल्समध्ये तिन्हीची खिचडी असते. २३ ऑगस्ट १९४२ ला जर्मन विमानांनी स्टालिनग्राडवर जो मारा केला त्यात आग लावणारे बॉम्बही होते, लाकडी घरं जळून गेली आणि नुसती विटांची धुराडी उभी राहिली. विटांच्या इमारतीला आग लागली तर छत आणि लाकडी मजले जळून खाली येतात, भिंती मात्र बऱ्याचदा उभ्या राहतात. मग आतल्या बाजूने प्रत्येक मजल्याच्या पातळीवर तुळया जिथे बसवलेल्या असतात त्या चौकोनी खोबणींची रांग दिसते, आणि खालच्या खोलीचा चुना पांढरा, वरच्या खोलीची भिंत हिरवट असा रंग बदललेला दिसतो. एवढं केलं तरी बघणाऱ्याला कळतं की इथे माणसं राहत होती. काजळी खिडकीच्या वर येते, खाली नाही, कारण धूर वरच्या कडेने बाहेर पडतो. हे उलटं केलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता आधी तेच बघतो.

तोफगोळ्याचं भोक बाहेरून लहान आणि आतून पसरट करा, आतल्या विटा जास्त उडतात. बॉम्ब पडला तर तुकडाच्या तुकडा गायब, पण तिथेही इमारतीचे कोपरे टिकतात कारण दोन भिंती एकमेकींना धरून असतात, पडतो तो दोन खिडक्यांमधला भाग. कड सरळ कापू नका, विटा सांध्यातून सुटतात म्हणून कड पायऱ्यापायऱ्यांची येते, आणि तडे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके जातात.

राडारोड्यावर वेळ घालवा, खरी मजा तिथे आहे. भिंतीतून जेवढा माल गेला तेवढा खाली दिसलाच पाहिजे, आतही आणि बाहेरही, अर्धी भिंत गायब आणि खाली चमचाभर खडी हे पटत नाही. पीओपीची पातळ लादी वाळवून कुटायची, चहाच्या गाळणीने चाळायची, जाड तुकडे भिंतीच्या पायथ्याशी आणि बारीक पूड वर आणि कडेला. त्यात १ मिमी पुठ्ठ्याच्या पट्टीतून कापलेल्या सुट्या विटा, जळक्या तुळयांसाठी काड्या, एखादा वाकलेला पाइप. मग पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरने सोडायचं, साबणामुळे ते ढिगात मुरतं. गाडी जाणार असेल तर रस्त्याची मधली पट्टी मोकळी ठेवा.

रंगाचं थोडक्यात: फोमवर थेट स्प्रे मारू नका, विरघळतो, आधी काळा ॲक्रिलिक आणि फेव्हिकॉल मिसळून एक हात द्या. सगळं करडं करू नका, विटांची तांबूस धूळ हवीच, आणि शेवटी फिकट मातकट रंग कोरड्या ब्रशने वरवर फिरवा.

संदर्भासाठी स्टालिनग्राडमधलीच व्होल्गाकाठची लाल विटांची जुनी पिठाची गिरणी शोधा, युद्धानंतर मुद्दाम दुरुस्त न करता ठेवलीय, फोटो भरपूर आहेत. पलीकडचं पावलोव्हचं घर, म्हणजे सोव्हिएत सैनिकांनी लढून राखलेली इमारत, मात्र पुन्हा बांधलंय, त्याच्यासाठी युद्धकाळातलेच फोटो बघा. आणि पहिल्यांदा अख्खी इमारत करू नका, दोन मजल्यांचा एक कोपरा घ्या, तेवढ्यात पाच-सहा सैनिक आरामात बसतात.