घर गहाण टाकण्याआधी तिची वही बघा

प्रश्न : मुलगी सांगलीत टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय अर्थशास्त्र. एस.वाय.ला ६८ टक्के. तिनं संयुक्त राष्ट्रसंघात जायचं असं आम्ही ठरवलंय. घर गहाण टाकून ४० लाखांचं कर्ज काढतो, परदेशात एम.ए.ला पाठवतो. पण ती गंभीर नाही. सुट्टीत मावशीच्या बचत गटाच्या वह्या लिहीत बसते. तिला चार शब्द सांगा.
– एक पालक

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. ‘आम्ही ठरवलंय’ आहे, पण तिला काय हवंय याची एक ओळ नाही. ६८ टक्क्यांची मला काळजी नाही, त्या घराची आहे. राहतं घर गहाण टाकून पाठवलेलं मूल पहिल्या दिवसापासून हप्ते मोजतं. विषय नाही आवडला तरी घरी सांगत नाही. अशी मुलं माझ्यासमोर बसून रडली आहेत. हे ओझं तिच्यावर टाकू नका.

परदेशी एम.ए. झालं की राष्ट्रसंघाची नोकरी, हा समजही काढून टाका. तिथल्या सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते. न्यूयॉर्क, जिनिव्हासारख्या शहरात राहण्या-जेवणाचा खर्च आपणच करायचा. तरुणांना नोकरीत घेण्यासाठी राष्ट्रसंघाची यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅमची परीक्षा असते. ती ३२व्या वर्षापर्यंत देता येते आणि त्यासाठी साधी पदवी पुरते. पण ती ठरावीक देशांच्या नागरिकांसाठीच असते. यादी दर वर्षी निघते. आपला देश त्यात नसला तर अर्जच करता येत नाही. जागतिक बँकेच्या अशाच योजनेला पदव्युत्तर पदवीबरोबर अनुभवही लागतो. पाणी, शेती, आरोग्य, पतपुरवठा, यातलं प्रत्यक्ष काय केलंस, हे विचारतातच. ते ४० लाखांत विकत मिळत नाही.

परराष्ट्र सेवेत जायचं असेल तर यूपीएससीचीच परीक्षा, पदवी कुठलीही चालते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे त्याच वाटेनं १९८३ साली सेवेत गेले आणि पुढे न्यूयॉर्कला भारताचे महावाणिज्यदूत झाले.

आता त्या वह्या. तुमच्या पत्रात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच. बचत किती जमली, कर्ज कुणी उचललं, व्याज, दंड, कुणाचा हप्ता थकला, हे सगळं तिच्या हातून लिहिलं जातंय. अशा बचत गटांना बँकांशी जोडायला नाबार्ड या शेती-ग्रामीण विकासाच्या बँकेनं १९९२ साली ५०० गटांपासून सुरुवात केली. विकासाचं अर्थशास्त्र शिकणारे लोक अशाच नोंदी शोधत गावोगाव फिरतात. एकदा तिच्याजवळ बसा आणि विचारा, हप्ते जूनमध्येच का थकतात? बियाणं, शाळेच्या वह्या-पुस्तकं असं ती भराभर सांगायला लागली, तर ती गंभीर नाही हे वाक्य मागे घ्या.

तिला हवं असेल तर पदवीनंतर दोनेक वर्षं ग्रामीण भागातल्या एखाद्या संस्थेत काम करू दे. मग पुढच्या शिक्षणाला पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट, मुंबईचं टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), गुजरातेत आणंदचं इर्मा (ग्रामीण व्यवस्थापन संस्था) आहेच. जोडीला फ्रेंच शिकावं. राष्ट्रसंघाच्या सचिवालयाचं काम इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच भाषांत चालतं.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. आणि ते न वाचता पाठवा.